धुतलेला कचरा

डिसेंबर लागला, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की आमच्या कोल्हापूरच्या हवेला एक वास येतो. मळीचा. गोड म्हणावा तर गोड नाही, आंबट म्हणावा तर आंबट नाही. काहीतरी गोड होतं आणि ते कुजलं, असा. बाहेरगावचा पाहुणा पहिल्याच दिवशी नाकाला रुमाल लावून विचारतो, हा कसला वास? आणि आम्ही म्हणतो, कुठाय वास? सगळ्यांना सवय झालेली असते. मला होत नाही. माझी मिरची कांडपाची गिरणी आहे. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी असल्या मिरच्यांच्या खकाण्यात अर्धं आयुष्य गेलं. खरं तर नाक मरून जायला हवं होतं. उलट ते तिखट झालंय. मला दोन घरांपलीकडचं नासलेलं दूध कळतं.

अलीकडे हा मळीचा वास आला की मला एक समुद्रकिनारा आठवतो. लोकांना समुद्र आठवला की बरं वाटतं, मला मळमळतं. तेवढ्यासाठी हे लिहायला घेतलंय. ओकून टाकल्यावर पोट हलकं होतं, तसं काही झालं तर बघावं.

आम्ही बारा-पंधरा जणी सकाळी रंकाळ्यावर चालायला जातो. चालणं कमी, बोलणं जास्त. आमची पुढारी विजू. विजू आणि मी दोघी कोडोलीच्या. एका शाळेत, एका बाकावर. दोघी पाठोपाठ लग्न होऊन कोल्हापुरात आलो. तिच्या सासरचं पेंडीचं आणि सरकीचं दुकान, घरात माणसांचा राबता, आणि त्या सगळ्या राबत्याची दोरी विजूच्या हातात. माझे यजमान लवकर गेले. मुलगा पुण्याला. माझ्या घरात मी आणि खालच्या मजल्यावर गिरणी. माझ्या यजमानांच्या दिवसांत विजूनं दोन्ही घरं सांभाळली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं जे लिहीन ते कुणाबद्दल लिहितेय ते लक्षात राहील. तिला विचारलं, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, "घाल की. मी काय चोरी केली व्हय?"

त्या वर्षी तिनं अंदमानची टूम काढली. नवरे नाहीत, मुलं नाहीत, नुसत्या बायका. आणि जायचं ते नुसतं चैन करायला नाही. एखाद्या बेटावर राहायचं, तिथला किनारा साफ करायचा, समुद्राला काहीतरी परत द्यायचं. हे ‘परत द्यायचं’ तिला कुठल्याशा रिसॉर्टच्या माहितीपत्रकात मिळालं होतं. पण तिच्या तोंडून ते इतकं मनापासून आलं की आम्ही सगळ्या भारावलो. राजारामपुरीत जाऊन केशरी टी-शर्ट छापून आणले. छातीवर ‘सागर सेवा’, पाठीवर लाटा. अक्कांनी, म्हणजे आमच्यात सगळ्यांत थोरल्या, गडहिंग्लजकडच्या लिंगायत घरच्या, त्यांनी तो टी-शर्ट लुगड्यावर चढवून बघितला आणि आरशासमोर तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत बसल्या.

बेटाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर एका बाईचं काम जाईल.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं तिथं जायचं. बोटीत आम्ही निम्म्याजणी आडव्या, निम्म्याजणी भडंग खातोय. उतरलो आणि एकदम कुणीतरी आवाज बंद केल्यासारखं झालं. इतकं संथ गाव मी बघितलं नव्हतं. रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपलेली, त्यांना चुकवून स्कूटर वळायची. दुपारी दुकानांवर नुसता पडदा सोडलेला, आत बाकावर मालक घोरतोय. शहाळं मागितलं तर डोळे न उघडता सांगायचा, घ्या, पैसे त्या डब्यात टाका. सुपारीच्या बागा, त्यांतून पायवाट, पायवाटेवर कोंबड्या. कशालाच घाई नाही. आम्ही कोल्हापूरच्या बायका तिथं पहिल्या दिवशी फार मोठ्यानं बोलत होतो. दुसऱ्या दिवशी आपोआप हळू बोलायला लागलो.

पहिल्याच संध्याकाळी अक्का लुगड्यासकट पाण्यात जाऊन बसल्या. कमरेपर्यंत पाणी, लाट आली की छातीपर्यंत. आम्ही हाका मारल्या, त्यांनी वळून बघितलं नाही. पाणी इतकं स्वच्छ की त्यांच्या जोडव्यांभोवती फिरणारे मासे काठावरून दिसत होते. पुष्कळ वेळानं निथळत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "यव्वा, येवढा वेळ कुणी मला काम सांगिटलं न्हाय." तो समुद्र त्या क्षणी मला फार आवडला होता. हेही सांगायला हवं. पुढं जे झालं त्यात समुद्राचा काही दोष नाही.

तिकडं उजाडतं फार लवकर. आपल्याकडं गाढ झोपेची वेळ असते तेव्हा तिथं लख्ख उजेड. माझी झोप मोडली. आमच्या सेवेचा तो दिवस होता. खोलीत विजू झोपलेली. मी चप्पल हातात घेऊन किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. वाळू ओली, गुळगुळीत, तिच्यावर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी. एक कागद नाही, एक काडी नाही. मला वाटलं, इथं आपण काय साफ करणार?

तेवढ्यात माडांच्या मागून एक बाई आली. पन्नाशीची, सडपातळ, रिसॉर्टचा निळा झगा साडीवरून घातलेला. खांद्यावर दोन मोठी पोती. तिनं पोती वाळूवर ठेवली, तोंडं सोडली आणि आतून एकेक वस्तू काढून टाकायला लागली. पाण्याच्या बाटल्या. दोरखंडाचा तुकडा. एक निळी चप्पल. वेफर्सची रिकामी पाकिटं. थर्मोकोल. जाळ्याची लक्तरं. फेकत नव्हती, ठेवत होती. दोन बाटल्या इथं, एक तिथं, मध्ये जागा सोडून. रांगोळी झाली की बाई मागं सरकून बघते तशी ती मागं सरकली. परत पुढं आली, एक बाटली उचलून पाण्याकडं थोडी कलती ठेवली आणि तिच्यावर मूठभर वाळू टाकली.

मी जवळ गेले. ती दचकली, मग हसली. मी माझ्या कोल्हापुरी हिंदीत विचारलं, हे काय चाललंय? ती बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाली, आज पाहुण्यांचा सफाईचा कार्यक्रम आहे. मी म्हटलं, मग हे टाकताय कशाला? तिला प्रश्नच कळला नाही. कार्यक्रम आहे तर कचरा नको का? मी त्यातली एक बाटली उचलली. माझा चेहरा बघून तिला वाटलं मला शिसारी आली. घाईघाईनं म्हणाली, "गंदा नहीं है दीदी, धोया हुआ है।"

मी बाटली नाकाशी नेली. भांडी घासायच्या साबणाचा, लिंबाचा वास.

तिचं नाव शेफाली. तिचे आजोबा फाळणीच्या मागं-पुढं पूर्व बंगालातून आले आणि सरकारनं त्यांना या बेटावर वसवलं. सुपारीची थोडी बाग होती, ती भावांत वाटली गेली. नवऱ्याची नजर अधू. हे सगळं ती काम करता करता सांगत होती. कचरा तोच असतो, ती म्हणाली. प्रत्येक गटानंतर गोळा करून धुवून वाळवून ठेवायचा. काच नाही, खिळा नाही, वास नाही. गट कुठलाही आला तरी सगळ्यांना हा कार्यक्रम आवडतो. खरा कचरा समुद्र रात्री आणून टाकतो तो ती रोज उजाडायच्या आत उचलते, पाहुण्यांच्या दृष्टीला पडायला नको म्हणून. मग आपण जास्त बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं. दोन्ही हात जोडून म्हणाली, कुणाला सांगू नका, मॅनेजर मला काढून टाकेल.

मी खोलीवर परतले तेव्हा विजू आरशासमोर वेणी घालत होती. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती वेणी तशीच सोडून त्या मॅनेजरकडे धावत जाईल, कोल्हापुरी आवाजात त्याचा उद्धार करील. तिनं वेणी पुरी केली. रबर लावलं. म्हणाली, "आवाज कमी कर. मला ठाव हाय."

मी पलंगावर बसले.

ती म्हणाली, तिनं बुकिंग करतानाच सगळं विचारून घेतलं होतं. मॅनेजर प्रामाणिक माणूस, त्यानं स्पष्ट सांगितलं होतं की बेटावर दोन प्रकारची सफाई होते. एक खरी, ती मागल्या खाडीत, तिथं काचा, सुया, लहान मुलांचे डायपर, मेलेलं काहीबाही, गुडघाभर चिखल. दुसरी सोयीची. विजूनं सोयीची निवडली. का? अक्कांना साखरेचा आजार, पायाला काच लागली तर जखम बरी होईल का? मनीषाला, आमच्यातल्या सगळ्यांत धाकटीला, रस्त्यात मेलेलं मांजर दिसलं तरी दिवसभर अन्न जात नाही. तेरा बायकांची जबाबदारी घेऊन ती आली होती. मग तिनं आवाज आणखी खाली आणला आणि म्हणाली, "त्या बाईला मजुरी मिळती. आमच्या बायकांस्नी समाधान मिळतंय. किनारा हाय तसा ऱ्हातोय. कुणाचं काय वाईट झालं, सांग की मला."

मी एवढंच म्हणाले की मला किळस येते.

"तुला कशाचीबी येती," ती म्हणाली आणि टी-शर्ट घालून बाहेर गेली.

हे खरं नाही. मला घाणीची किळस कधी आली नाही. कोडोलीच्या गोठ्यात शेणात हात घालून वाढलेय मी. म्हशीची वार काढलीय, सासूबाई शेवटी अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांचं सगळं केलंय आणि ते करून त्याच हातांनी, नुसते धुऊन, भाकरी थापलीय. पोटात कधी ढवळलं नाही. घाण जिथली तिथं असते, आपण तिला हात लावतो, हात धुतो, विषय संपतो. त्या दिवशी ज्यानं ढवळलं त्याला घाण म्हणता येत नव्हतं. ती बाटली माझ्या घरातल्या तांब्याइतकी स्वच्छ होती. तिच्यावरची ती मूठभर वाळू, ती कुणीतरी विचार करून टाकलेली वाळू, ती मला आजही सोसत नाही.

कार्यक्रम झाला. न्याहारी झाल्यावर मॅनेजरनं सगळ्यांना हातमोजे वाटले, समुद्र आपली आई आहे वगैरे छोटं भाषण केलं. तरुण, गोरा, नम्र मुलगा. मी पोट बिघडल्याचं सांगून माडाखालच्या खुर्चीत बसले. मनीषा फोन घेऊन पुढं-मागं पळत होती. कुणी वाकलं की सांगायची, खाली वाकलेलीच राहा, पण तोंड इकडं. एकीनं थर्मोकोलचा तुकडा उचलला, फोटो झाला, तिनं तो खाली ठेवला, दुसरीनं उचलला. सगळ्या हसत होत्या, खरोखर आनंदात होत्या. त्यांच्या आनंदात काहीही खोटं नव्हतं, आणि तेच मला बघवत नव्हतं.

अक्का मात्र फोटोकडं न बघता काम करत होत्या. वाकून, एका हातानं गुडघा धरून, एकेक वस्तू. मध्येच थांबल्या. त्यांच्या हातात ती निळी चप्पल होती. वाळूवर इकडं-तिकडं बघत त्या लांबपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मी विचारलं, काय शोधताय? त्या म्हणाल्या, "ह्येची जोडी कुटं असंल? एकाच पायात घालून गेलं काय ते माणूस?" मग डोळे पुसायला लागल्या. त्यांना वाटलं कुणीतरी बुडालं. मी उठून त्यांना धरलं. सांगावंसं वाटलं, अक्का, ती चप्पल पोत्यातली आहे, प्रत्येक गटाबरोबर ती अशीच एकटी पडून असते. शेफाली थोड्याच अंतरावर हात मागं बांधून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. अक्कांनी चप्पल कपाळाला लावली आणि पोत्यात टाकली.

पोती भरली. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या, शेफालीनंही वाजवल्या. शहाळी आली. प्रत्येकीला हात धुवायला पाण्याची एकेक सीलबंद बाटली दिली.

मी तिथून उठून चालत सुटले ती स्वयंपाकघराच्या मागं गेले. मुद्दाम गेले असं नाही. नाकानं नेलं. सुपारीच्या रांगा संपतात तिथं जमीन खचते आणि खारफुटीची खाडी लागते. तिथं ते सगळं होतं. आमच्या कालच्या माशांचे काटे आणि डोकी, माश्यांनी काळी झालेली. आमच्या भडंगाची पाकिटं, कोल्हापूरहून आलेली, लाल अक्षरांची. पाण्याच्या बाटल्यांचा थरच्या थर, खालच्या चिखलात रुतलेल्या, वरच्या उन्हात तडकलेल्या. डायपर फुगून फुटलेले. खारफुटीच्या मुळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकलेल्या, भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या उंचीवर सगळ्या एका ओळीत. एक कुत्री त्यात उभी राहून काहीतरी ओढत होती. वास असा की जिभेवर बसावा. कुजलेलं गोड, तळलेलं तेल, मूत, मीठ. मी तिथं उभी राहिले आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. ही घाण मला ओळखीची होती. हिला कुणी साबण लावला नव्हता.

दोन-चार बाटल्या ओढून काढल्या. पाय घोट्याच्या वर रुतला, चप्पल आत राहिली. एकटीनं काय होणार होतं? जेवणाची घंटा झाली तशी मी चिखलाच्या पायांनी परत आले. विजूनं माझ्या पायांकडं बघितलं. पानावर मासा वाढला होता. मी नुसता भात कालवला आणि तोही गेला नाही.

दुपारी सगळं बेट झोपलं. आमच्या बायकाही झोपल्या, टी-शर्टसकट. तिकडं सूर्य पाचाच्या आसपास बुडतो, त्यामुळं चार वाजल्यापासूनच ऊन पिवळं, दमलेलं. मी बाहेर आले तर नळावर शेफाली बसली होती. समोर मोठं घमेलं, साबणाचा फेस, बाजूला पोती. सकाळचा कचरा ती धूत होती. बाटलीत पाणी घालायची, हलवायची, ओतायची, पालथी करून कठड्यावर ठेवायची. पाकिटं धुवून दोरीवर चिमट्यांनी लावलेली. निळी चप्पल उन्हात तिरकी टेकवलेली.

मी शेजारी बसले. तिला वाटलं मी तक्रार करायला आलेय. तिनं काम थांबवलं नाही, पण हात हळू झाले. मी विचारलं, तुम्हाला हे बरं वाटतं का? तिनं थोडा विचार केला. म्हणाली, पूर्वी ती खाडी साफ करायची, तेव्हा दर पावसात पायाला फोड यायचे, ताप यायचा. हे काम हलकं आहे. मग म्हणाली, परवा दुसरा गट येतोय, गुजरातहून की कुठून, त्याच्या आत सगळं वाळायला हवं. पोत्याचं तोंड धरून ठेवणारं कुणी नसलं की वाऱ्यानं पाकिटं उडतात.

मी पोत्याचं तोंड धरलं.

तिनं वाळलेली पाकिटं एकेक करून आत टाकली, मी धरून राहिले. त्या सबंध सहलीत, आल्यापासून जाईपर्यंत, त्या बेटावरच्या कुणाला माझा काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच. पुढच्या तमाशाची तयारी करायला हात लावला. पोतं भरलं तेव्हा तिनं माझ्या मनगटाला ओला हात लावला आणि हसली. मला रडू येत होतं आणि ओकारीही येत होती. दोन्हींची जागा एकच असते हे मला तेव्हा कळलं.

कोल्हापुरात परतलो तर आमच्या आधी मनीषानं फोनवर काढलेली फीत पोचली होती. केशरी टी-शर्ट, निळा समुद्र, मागं सनईचे सूर. पेठेतल्या तरुण मंडळानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. पडद्यावर ती फीत दाखवली. अक्का चप्पल कपाळाला लावतात तो भाग आला तेव्हा मांडवातली माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली असं मी नंतर ऐकलं. मी गेले नव्हते. गिरणीचा पट्टा तुटलाय म्हणून निरोप पाठवला. पट्टा तुटला नव्हता. तिसऱ्या दिवशी एक पोरगं माझ्या वाटची शाल घरी आणून देऊन गेलं. ती मी गिरणीच्या मोटारीवर टाकली, धूळ बसू नये म्हणून.

मी त्या कचऱ्याबद्दल कुणाला बोलले नाही. शेफालीचे जोडलेले हात आठवायचे. विजूही बोलली नाही. आम्हा दोघींत एक गोष्ट राहिली आणि तिनं हळूहळू बाकी सगळ्या गोष्टी खाल्ल्या. सकाळच्या चालण्यात मी पुढं गेले तर ती मागं राहायची. आणि उन्हाळा आला तेव्हा तिच्या घरच्या मिरच्या माझ्याकडं आल्या नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विजूनं वर्षाची चटणी दुसऱ्या गिरणीत कांडून घेतली. कोल्हापुरात याहून जास्त भांडण करता येत नाही. तिचा रिक्षावाला मिरचीची पोती घेऊन माझ्या दारावरून पुढं गेला, मी पायरीवर उभी होते. वासावरून कळलं, ब्याडगी चांगली मिळालीय.

यंदा पुन्हा मळीचा वास सुटला. दोरीवरच्या कपड्यांवर चिपाडाची काळी राख पडायला लागली. आणि मागल्या आठवड्यात भर दुपारी विजू गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात काही नाही. मिरचीचा हंगाम अजून लांब, त्यामुळं गिरणी बंद, मी कांडपाची मुसळं पुसत होते. ती सरळ आत येऊन रिकाम्या डब्यावर बसली आणि म्हणाली, यंदा लक्षद्वीपला जायचं ठरतंय.

मी पुसत राहिले.

तिनं सांगितलं, या वेळी तिनं मनाशी ठरवलं होतं की सेवाबिवा काही नको. नुसतं जायचं, खायचं, वाळूत पडायचं. तुझं खरं करूया म्हटलं, ती म्हणाली. बायकांना घरी बोलावलं, चहा केला आणि तसं सांगून टाकलं. मग मनीषा म्हणाली, मग मला येता येणार नाही. तिचा नवरा म्हणतो, फिरायचंच असेल तर मे महिन्यात सगळे मिळून जाऊ की. अक्कांच्या मुलानं ती फीत सगळ्या पैपाहुण्यांना दाखवलेली. सेवेला जा, तो म्हणाला होता, पण या वयात नुसतं हिंडायला जाणं बरं दिसतं का? एकेक करून सगळ्यांनी तेच सांगितलं. कुणाचा दीर, कुणाची सासू, कुणाची सून. आठवडाभर घर सोडायचं तर घरात सांगायला काहीतरी पवित्र लागतं.

मी फडकं खाली ठेवलं. विचारलं, आणि तुझं?

"माझं काय? सासूबाईंची औषधं, दुकानातल्या माणसांचं जेवण सगळं सोडून मी लोळायला चाल्ले म्हणू?" ती म्हणाली. "तुला कुणाला इचारायचं न्हाय, शालन. तुझी गिरणी, तुझं कुलूप. तुला किळस परवडती."

बाहेर उसाची ट्रॉली गेली, तिच्यातून गळून पडलेल्या कांड्या वेचायला पोरं धावली. मी विजूकडं बघत होते. केसांच्या मुळाशी पांढरं आलं होतं. आमचं बोलणं बंद असताना आलं असावं. तिनं मॅनेजरला काय विचारलं असेल, फोन हातात धरून, दुकानाच्या मागच्या खोलीत, हळू आवाजात, ते मला दिसायला लागलं. तेरा बायकांना आठ दिवस पाण्याशेजारी निजवायचं तर काय काय दाखवावं लागेल, याचा तिनं हिशोब केला होता आणि तो बरोबर आला होता. मांडवात उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं परकी नव्हती. ती या बायकांच्याच घरातली होती. त्यांना पुरावा पाहिजे होता, तो लिंबाच्या साबणानं धुवून, वाळवून त्यांच्यासमोर ठेवला गेला.

म्हणून माझी किळस गेली असं नाही. ती बाटली आठवली की अजून तसंच होतं. फक्त आता ती किनाऱ्यावरून निघून आमच्या गल्लीपर्यंत आलीय, आणि इथल्या ओळखीच्या, प्रेमळ, जेवायला आग्रह करणाऱ्या चेहऱ्यांवर बसलीय. हे जास्त वाईट आहे. बेटावरून परत येता येतं.

मी म्हणाले, "माझं नाव घाल."

तिनं वर बघितलं. "कचरा उचलशील?"

"न्हाय. मी लोळणार."

"मग टी-शर्ट घालून लोळ," ती म्हणाली. हसली नाही. उठताना तिनं डब्यावर हात टेकला, तिच्या तळव्याला जुनी मिरची लागली. ती दारातच शिंकत उभी राहिली. मी तिला पाणी दिलं.

संध्याकाळी पेठेतल्या ग्रुपवर मेसेज आला. आम्ही सगळ्या भगिनी पुन्हा एकदा सागरसेवेसाठी सज्ज. शेवटी जोडलेले हात, लाटा, कमळं. सगळ्यांची नावं, त्यांत माझंही. खाली घरोघरच्या पुरुषांची अभिनंदनं यायला लागली, एकामागून एक, फोन थरथरत होता. नाकात तोच कुजलेला गोड वास शिरला. खिडकी लावावी म्हणून उठले, पण वास बाहेरून येत नव्हता. मी फोन टेबलावर पालथा घातला आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढलं.